तिवड्याची जागा

नाथाजी हवालदार गाडीखाली गेला की त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागत, हे कुंडलमध्ये कुणापासून लपलेलं नव्हतं. आत जाताना तो आपला आपण जाई. पोतं अंथरायचं, उताणं व्हायचं आणि टाचा रेटत सरकायचं. काम उरकलं की मात्र खालून आवाज येई, "लीला, ओढ गं." मग त्याची बायको लीलाबाई एक पाय धरायची, गाडीचा मालक दुसरा धरायचा आणि दोघं मिळून हवालदाराला उन्हात आणायचे. बघणारे हसत. तोही हसे. पण उठून बसायला त्याला पाव तास लागे, आणि त्या पाव तासात तो कुणाशी बोलत नसे.

फौजेत बावीस वर्षं त्यानं ट्रकांच्या पोटाखाली काढली होती. कंबरेचा मणका तिथंच सरकला. चौऱ्याहत्तर साली घरी पाठवताना मिलिटरीच्या डॉक्टरनं बजावलं होतं, जमिनीला पाठ टेकून काम करायचं बंद. हवालदारानं "जी साब" म्हणून कडक सलाम ठोकला, गावी आला, घरामागच्या परड्यात पत्र्याचं शेड मारलं आणि आठ दिवसांच्या आत गावातले बागायतदार लालासाहेब यांच्या जीपखाली जाऊन पडला. आता ह्याला काय म्हणावं? बरं, दुसरं काही त्याला येत असतं तर गोष्ट वेगळी. शेतात त्याचा हात चालायचा नाही आणि दुकानात तोंड चालायचं नाही. पाना हातात आला की मात्र माणूस खुलायचा.

शहात्तरच्या चैत्रात त्याचा डावा पाय बधिर व्हायला लागला. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. लीलाबाईनं त्याला न विचारता साताऱ्याला भावाला पत्र टाकलं. तिचा भाऊ सयाजी तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. त्यानं खटपट करून मेव्हण्याला वॉचमनची जागा बघितली. माजी सैनिक म्हणून कारखान्याच्या साहेबानं लगेच होकार दिला. एक जूनला हजर व्हायचं, खोलीही मिळणार.

"गेटावर बसायचं हाय नुसतं," लीलाबाई म्हणाली. "खुर्ची देत्यात."

"आन् हातात?"

"हातात काय, काठी."

नाथाजीनं हातातला पाना पुसून पेटीत ठेवला. पण ती रात्र त्याला गोड गेली नाही. पाना धरलेल्या हातात दंडुका द्यायचा म्हणजे माणसाला जिवंतपणी खुंटीला टांगायचं, असं त्याला वाटलं आणि ते त्यानं सकाळी बायकोला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "टांगल्यालं परवडलं. आडवं पडल्यालं न्हाई परवडायचं."

साहेबाला तोंड दाखवायला म्हणून तो साताऱ्याला गेला. परत येताना पोवई नाक्याच्या पुढं, हमरस्त्याच्या कडेला, एक जुनं सर्व्हिसिंग स्टेशन पाडायचं काम चालू होतं. रस्ता रुंद व्हायचा होता. तिथं त्याला ती लिफ्ट दिसली. जमिनीत पुरलेलं लोखंडी नळकांडं, त्यातून वर येणारा मांडीएवढा जाड गुळगुळीत खांब आणि खांबाच्या डोक्यावर गाडी तोलून धरणारी चौकट. खाली तेल, तेलावर कॉम्प्रेसरची हवा. हवा तेलाला दाबणार, तेल खांबाला रेटणार, आणि गाडी डोक्याच्या वर जाणार. फौजेच्या मोठ्या वर्कशॉपात त्यानं असली लिफ्ट पाहिली होती, पण ती अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी होती. तिच्याखाली उभं राहायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

तो तिथंच उभा राहिला. उभं राहून काम करता आलं तर मणका काय करणार होता?

स्टेशनवरचे म्हातारे मिस्त्री आकाराम ती लिफ्ट वीस वर्षं वापरत होते. भंगारवाल्याला द्यायची म्हणून ते आधीच दुखावलेले होते. एक माणूस ती चालवायला मागतोय म्हटल्यावर त्यांनी मालकाला गाठलं आणि भंगाराच्याच भावात सौदा जमवून दिला. वर कॉम्प्रेसर दिला. मग नाथाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "हवालदार, दोनच गोष्टी ध्यानात ठिवा. खड्डा नऊ फूट, आन् खड्डा कोरडा. वल असली तर नळकांडं कुजतंय. पाणी असलं तर पावसाळ्यात अख्खं धूड वर तरंगून येतंय. मी बघितलंय."

नाथाजीनं मान हलवली. नऊ फूट त्यानं डोक्यात घट्ट धरलं. कोरड्याचा त्यानं विचारच केला नाही. दुष्काळाला अजून चार वर्षंही झाली नव्हती. वैशाखात नऊ फुटांवर पाणी लागायची भीती कोण बाळगणार?

खड्डा काढायला त्यानं बिराप्पाला सांगितलं. बिराप्पा जतकडचा, मेंढरं राखणारा माणूस. बहात्तरला मेंढरं गेली, मग बायकोला घेऊन कुंडलला आला आणि विहिरींच्या कामावर राहिला. अंगानं काटकुळा, पण टिकाव धरला की थांबायचं नाव नाही. नाथाजीनं शेडच्या मधोमध चुन्यानं गोल आखून दिला, एका वेळूवर नऊ फुटांची खूण काजळानं काळी केली आणि बिराप्पाच्या हातात दिली.

"ही खूण जमिनीबरोबर आली की थांबायचं. काय?"

"थांबतो की."

"मी साताऱ्याला जाऊन लिफ्ट उपसून आणतो. चार दिस लागतील."

"जावा तुमी बिनघोर," बिराप्पा म्हणाला.

नाथाजी बिनघोर गेला. साताऱ्यात आकाराम मिस्त्रींनी चार गडी लावून नळकांडं उपसलं, खांब गोणपाटात गुंडाळला आणि पाचव्या दिवशी दुपारी ट्रक कुंडलमध्ये शिरला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेल्या नाथाजीच्या मनात एकच होतं, आज उजेड आहे तोवर नळकांडं खड्ड्यात उतरवायचं.

परड्यात बायकांची गर्दी होती. शेडच्या खांबाला आंब्याचे डहाळे बांधलेले. नाथाजीला आधी वाटलं, लिफ्टच्या स्वागताला. त्याला बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही. मग तो शेडमध्ये गेला. खड्ड्याच्या काठावर हळदीकुंकू होतं, फोडलेला नारळ होता, आणि खाली, कंबरभर खोल, स्वच्छ पाणी होतं.

चिखलानं माखलेला बिराप्पा काठावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरनं आनंद उतू जात होता.

"हवालदार," तो म्हणाला, "अकरा फुटावर लागलं. आन् गोडं हाय."

नाथाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "खूण कुठं दिल्ती मी? कितीवर?"

"नवावर."

"मग?"

"नवाला तळ वला लागला की वो. हाताला गार लागला." बिराप्पाला प्रश्नच कळत नव्हता. "वलीवर आल्यालं काम सोडून वर येतंय का कोण? दोन फूट फुकट काढलं मी. मजुरी नगं त्याची. आमच्या गावात सा हिरी काढल्या मी, चाळीस चाळीस फूट. साहीच्या साही कोरड्या. म्हाताऱ्याची एक, चुलत्याची एक. दगडासंगं टकरा घेतल्या नुसत्या. हितं आपल्या हातानं पाणी लागलं, हवालदार. पयल्यांदा."

आणि तो माणूस रडायला लागला. चिखलाच्या हातानंच डोळे पुसायला लागला, त्यामुळं तोंड आणखी चिखलानं भरलं. नाथाजीनं शिवी द्यायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. वेळू कोपऱ्यात उभा होता. काजळाच्या खुणेपर्यंत नऊ फूट होते, आणि बुडाकडचा हातभर भाग दोन दिवसांनीही काळपट दिसत होता. म्हणजे बिराप्पा नवावर थांबला असता तरी खड्डा ओलाच होता. लिफ्ट बसली असती, वर काँक्रीट ओतलं गेलं असतं आणि पहिल्या पावसाळ्यात तिनं काँक्रीटसकट मान वर काढली असती. आकाराम मिस्त्रींनी सांगितलेली दुसरी गोष्ट नाथाजीला आता आठवली. चूक कुणाची, हे त्याचं त्याला समजलं.

लिफ्ट परड्यात उतरवून ट्रक निघून गेला.

खड्डा बुजवावा आणि दुसरीकडं काढावा, असं कुणी म्हणेल. तर दुसरीकडं कुठं? परडं होतं वीस पावलांचं, सगळी तीच काळी जमीन. आणि बुजवणार कोण? लागलेलं पाणी बुजवायचं नाही, ही त्या भागाची जुनी रीत. बिराप्पाला सांगितलं असतं तर त्यानं खोरं टाकून दिलं असतं. बिराप्पाचं सोडा, लीलाबाईनं स्वतः त्या पाण्याची ओटी भरली होती. दुष्काळात टँकरमागं ती एकटी पळाली होती, नाथाजी तेव्हा सरहद्दीवर होता. तिनं एवढंच म्हटलं, "बुजवायचं असलं तर मी साताऱ्याला गेल्यावर बुजवा."

परड्याला लागून वरच्या अंगाला खळं होतं. चांगला टणक, मुरमाड उंचवटा. वडिलांनी चोपून केलेला, मध्ये खैराचा तिवडा. तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी ज्याच्याभोवती बैल फिरतात तो मधला खांब. पाणी असलंच तर तिथं वीस फुटांखाली. पण खळं वाटणीत थोरल्या भावाकडं, दादासोकडं गेलं होतं, आणि दोन वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. वाटणीच्या वेळी नाथाजीनं खळ्यात निम्मं मागितलं होतं. तेव्हा दादासो पंचांसमोर म्हणाला होता, "बावीस वर्स ह्या तिवड्याभवती बैलामागं मी फिरलो. ह्यो कवा फिरला? ह्येचा पाय तरी लागलाय का हितं?" नाथाजीला ते बोलणं झोंबलं होतं. झोंबायचं कारण म्हणजे ते खरं होतं.

तीन दिवस लिफ्ट परड्यात आडवी पडून राहिली. शेजारपाजारची पोरं नळकांड्यात तोंड घालून आपापली नावं पुकारत. चौथ्या दिवशी नाथाजीनं ट्रंक काढली. लीलाबाईनं त्यात भांडी भरायला घेतली. जिंकली होती ती, पण भांडी भरताना नाक ओढत होती. नवऱ्याला खुर्चीवर बसलेला बघायची हौस तिलाही नव्हती.

संध्याकाळी नाथाजी खळ्यावर गेला. दादासो बैलांना वैरण टाकत होता. पासष्टीला आलेला, ताठ, मिशा पांढऱ्या.

"दादा," नाथाजी म्हणाला, "एक तारखेला आमी साताऱ्याला चाललो. नोकरी हाय."

दादासो वैरण टाकत राहिला.

"परड्यात पाणी लागलंय, तुमी ऐकलं आसंल. गोडं हाय. शेड काढून घ्या, काठ बांधून घ्या दगडाचा. जनावरास्नी वढ्यापतुर न्यायला नगं. वयनीला बी लांब पडतंय."

दादासो थांबला. "आन् त्ये जे आणलंयस लोखांड?"

"भंगारवाल्याला सांगितलंय."

"कशाला आणलं हुतंस?"

तेव्हा नाथाजीनं सांगितलं. पाय बधिर होतो हे सांगितलं, गाडीखालून ओढून काढावं लागतं हे सांगितलं. भावाला तो असलं काही कधी सांगत नसे. सांगताना त्याची मान खाली होती. दादासोनं ऐकून घेतलं, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि घरात निघून गेला. नाथाजीला वाटलं, गेलो नसतो तर बरं झालं असतं.

सकाळी खळ्यावर ठकठक ऐकू आली. नाथाजी बाहेर आला तर दादासो पहार घेऊन तिवड्याच्या बुडाशी उकरत होता. वडिलांनी रोवलेला तिवडा, तीस वर्षांत न हललेला, एका बाजूला कलला होता.

"आवं दादा, काय करताय?"

"बघत काय हुबा ऱ्हायलास?" दादासो धापा टाकत म्हणाला. "धर हिकडनं. पाठ वाकवू नगंस, नुसता धर. मळणी आता ट्रॅक्टर घालतोय रस्त्यावर. खळं नुसतं पडून हाय. हितं बसीव तुझं त्ये. पाणी दोघांचं."

नाथाजीनं तिवडा धरला. खैराचं लाकूड बैलांच्या दोरांनी घासून मधोमध बारीक झालं होतं. दादासोनं त्याच्याकडं न बघता पहार पुन्हा बुडाशी घातली.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. बिराप्पानं तिवड्याच्याच जागेवर नवा खड्डा धरला, आणि दादासोनं गावातनं चाळीस माणसं गोळा केली. गुऱ्हाळाचं छप्पर एका रानातनं दुसऱ्या रानात न्यायची सवय असलेली माणसं ती. त्यांना शेड म्हणजे काय? खांबांची बुडं मोकळी केली, आडवे वासे बांधले, एकेका वाश्याला पाचपाच जण लागले. नाथाजीला उचलायची बंदी. त्यानं फौजेतल्या आवाजात "एक, दोन, उठाव" म्हटलं आणि पत्र्याचं शेड जमिनीवरनं सुटलं, हलत डुलत चढ चढलं आणि खळ्यावर जाऊन बसलं. मागं परड्यात उघड्यावर ते पाणी राहिलं. दादासोच्या बायकोनं, राहीबाईनं, पहिली घागर भरून घेतली.

बिराप्पाचा नवा खड्डा नवव्या फुटाला खडखडीत कोरडा निघाला. त्यानं तळाची मूठभर माती चोळून बघितली, हुंगून बघितली आणि वर तोंड करून म्हणाला, "एक थेंब न्हाई, हवालदार. असलं कोरडं पायजे हुतं तर आमच्या गावाला यायचं की. कवाबी मिळालं असतं." ह्या खेपेला तो खुणेवर थांबला. नाथाजी खाली वाकून बघत उभाच होता म्हणा.

तीन वासे टोकाला बांधून तिकाटणं उभं केलं, त्याला कप्पी लावली आणि नळकांडं हळूहळू खाली सोडलं. नाथाजीनं ओळंबा धरून चारी बाजूंनी सरळ केलं. त्यात त्यानं पुरा एक दिवस घालवला. बिराप्पा कंटाळून म्हणाला, "एवढं सरळ काय करायचंय? खांब हाय." नाथाजी म्हणाला, "गड्या, ह्येच्याखाली मी हुबा ऱ्हाणार हाय." मग भोवतीनं काँक्रीट ओतलं. लीलाबाईनं त्यावर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. तेच, परड्यातलं. ट्रंकेतली भांडी एकेक करून परत फळीवर कधी गेली ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. सयाजीला मात्र तिनंच कळवलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या, गरजू खूप आहेत.

एकतीस मेला लालासाहेबांची जीप आली. क्लच घसरत होता, गिअरबॉक्स उतरवायचा होता. खळ्याच्या कडेनं माणसं जमली. नाथाजीनं जीप चौकटीवर घेतली, चाकांना अडण्या लावल्या, कॉम्प्रेसर सुरू केला आणि हवेचा कॉक फिरवला.

काही झालं नाही.

कॉम्प्रेसर धडधडत राहिला. मागं कुणीतरी खाकरलं. लीलाबाईनं पदर तोंडात धरला. नाथाजीनं कानाची पाळी ओढली, नळीचा एक जोड हातानं चाचपला, पान्यानं अर्धा आटा आवळला. फुस्स आवाज बंद झाला. आणि जीप हलली. वीतभर, मग हातभर, मग सावकाश, कुठंही न थबकता वर वर गेली. नाथाजी चालत तिच्याखाली गेला. वाकला नाही, बसला नाही. चालत गेला आणि उभा राहिला.

बावीस आणि दोन, चोवीस वर्षं तो गाड्यांची पोटं बघत होता, पण प्रत्येक वेळी पोट त्याच्या छातीवर असे. आज ते डोक्याच्या वर होतं. त्यानं हात वर करून गिअरबॉक्सला लावला. त्याचे डोळे भरून आले. तेलाचा थेंब गालावर पडला तेव्हा तो पुसताना त्यानं दोन्ही पुसून घेतलं.

दादासो पुढं आला. त्यानं खांब बघितला, खालपासून वरपर्यंत. "ह्ये फिरतंय का?"

"फिरतंय की. ज्या बाजूचं काम त्या बाजूला फिरवायचं."

"कुणीकडनं?"

"कुणीकडनंबी. हात लावला की जातंय."

दादासो मागं गेला. खळ्याच्या कडेला एक चपटा दगड होता. मळणी चालू असताना वडील त्याच दगडावर बसून बैल हाकणाऱ्याला ओरडत. दादासो त्या दगडावर बसला, धोतर सावरलं आणि म्हणाला, "फिर तर मग. बावीस वर्साची पाळी ऱ्हायलीया तुझी."

माणसं हसली. नाथाजी हसला नाही. त्यानं जीपच्या मागच्या टोकाला हात लावला आणि चालायला लागला. जीप त्याच्या हाताबरोबर खांबाभोवती गोल फिरू लागली. बिराप्पानं मागनं "हो, हो" म्हणून बैलाला घालतात तशी साद घातली. एक फेरा झाला, दुसरा झाला. डावा पाय थोडा ओढत होता, पण चालत होता. तिसऱ्या फेऱ्याला तो दगडासमोर आला तेव्हा म्हणाला, "बास का, दादा?"

"चालतंय," दादासो म्हणाला. "ऱ्हायल्यालं उद्या. आता लालासायबांचं काम कर."

नाथाजीनं पान्यांची पेटी ओढून घेतली आणि गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट सोडवायला घेतला.